‘मानणे’ आणि ‘मान राखणे’ : ओसरलेली ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी वाङ्मय

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांची परंपरा ही मुख्यतः धर्मस्वीकाराच्या कथनाची परंपरा होय. बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, पंडिता रमाबाईंचे १९०७ चे इंग्रजी आत्मनिवेदन, या सर्वांत प्रवासाची दिशा एकच आहे : जुन्या घरातून नव्या घराकडे. त्या वाटेवरील शंका, कलह आणि अश्रू यांचे वर्णन विपुल आढळते. परंतु नव्या घरात राहत असताना तेथील दिवा हळूहळू मंदावत गेल्याचे वर्णन या परंपरेच्या केंद्रस्थानी कधी आले नाही. इंग्रजी वाङ्मयात स्थिती निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रद्धालोप हा तेथे काव्याचा, कादंबरीचा आणि आत्मचरित्राचा जवळजवळ रूढ विषय होऊन बसला होता. मॅथ्यू आर्नल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता १८६७ साली प्रसिद्ध झाली. एडमंड गॉस याचे ‘फादर अँड सन’ १९०७ साली, म्हणजे रमाबाईंच्या आत्मनिवेदनाच्याच वर्षी. एकाच वर्षीच्या या दोन कथनांपैकी एक श्रद्धेच्या प्राप्तीचे व दुसरे तिच्या लोपाचे असावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

या भेदाचे नेहमीचे स्पष्टीकरण समाजशास्त्रीय असते. मराठी ख्रिस्ती समाज संख्येने लहान. हिंदू समाजापुढे आणि मिशनपुढे, दोन्हीकडे त्याला आपले समर्थन करावे लागले. अशा समाजातील लेखक घरची पडझड चव्हाट्यावर मांडत नाही. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. पूर्व युरोपातील ज्यू समाज याहून अधिक कोंडलेला होता, तरी त्या समाजातून आलेल्या सालोमन मायमोनने १७९२–९३ मध्ये आपल्या पारंपरिक श्रद्धेपासून दूर गेल्याची कथा लिहिलीच. तेव्हा कारण केवळ भीतीचे नसावे. एखादी गोष्ट सांगितली जात नाही, याचे एक कारण ती सांगण्यास भाषेत सोयीचे वाक्य नसणे हेही असू शकते. प्रस्तुत लेखात हे कारण तपासावयाचे आहे, आणि त्यासाठी सिंधुदुर्गाचा किनारा विशेष उपयोगी आहे; कारण येथे मराठी व कोकणी एकमेकींत मिसळतात, आणि गोव्याकडून आलेला कॅथलिक पंथ व अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यास आणलेला प्रॉटेस्टंट पंथ हे दोन्ही येथे शेजारी नांदले आहेत.

प्रश्न मूर्त स्वरूपात असा मांडता येईल. मालवण, वेंगुर्ले किंवा सावंतवाडीकडील एखाद्या किरिस्तांव घरातील मुलगा शिकतो, मुंबईस जातो, वाचतो, आणि काही वर्षांनी त्याच्या ध्यानात येते की आपली श्रद्धा उरलेली नाही. घरी आई अजून रोज संध्याकाळी तेर्स म्हणते. तिच्याविषयी त्याच्या मनात अनादर नाही. किंबहुना पूर्वीपेक्षा आदर अधिकच आहे. आता ही दोन सत्ये, श्रद्धा नसल्याचे आणि आदर असल्याचे, त्याने कोणत्या मराठी वाक्यात सांगावीत?

सहज सुचणारे क्रियापद ‘मानणे’ हे आहे. संस्कृत ‘मन्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून, म्हणजे ‘मानयति’पासून, ते आले. ‘मानयति’ म्हणजे आदर करतो. मराठीत ‘मानणे’ हे आदराच्या अर्थी तर राहिलेच (‘वडिलांना मानणे’), शिवाय सत्य म्हणून स्वीकारण्याच्या अर्थीही रूढ झाले (‘देव मानणे’). आभार मानणे, हार मानणे, मनाला मानणे, या सर्व प्रयोगांत स्वीकार आणि सन्मान यांची सीमारेषा पुसट आहे. मराठी भाषिक या दोन अर्थांत भेद करतो तो बहुधा कर्माच्या प्रत्ययाने. ‘तो देव मानत नाही’ असे म्हटले तर देवाचे अस्तित्व त्याला मान्य नाही, एवढेच सूचित होते. ‘तो देवाला मानत नाही’ असे म्हटले की वाक्यात उद्धटपणाची छटा शिरते. ‘तो बापाला मानत नाही’ या वाक्याच्या पंक्तीला ते जाऊन बसते.

या भेदातच अडचण दडलेली आहे. ‘देव’ हे सामान्यनाम आहे. त्याला ‘ला’ लावणे वा न लावणे बोलणाऱ्याच्या हाती असते. विशेषनाम व व्यक्तिवाचक शब्द ही मुभा देत नाहीत. ‘मी ख्रिस्त मानत नाही’ हे वाक्य कानाला खटकते. ‘ख्रिस्ताला मानत नाही’ असेच म्हणावे लागते. ‘मी सायबीण मानत नाही’ असे किनाऱ्यावर कोणी म्हणणार नाही. ‘सायबिणीला मानत नाही’ असे म्हणेल, आणि ते ऐकून आईच्या काळजाला घाव बसेल. ज्या धर्माचा गाभा एक नाव असलेली, इतिहासात वावरलेली व्यक्ती आहे, त्या धर्माविषयीची अश्रद्धा मराठीत उच्चारू गेले की ती त्या व्यक्तीची अवज्ञा होऊन बाहेर पडते. निर्गुण ब्रह्म नाकारणाऱ्यास हा त्रास पडत नाही. त्याला ‘ला’ची गरज लागत नाही.

‘विश्वास’ या शब्दाने सुटका होईल असे वाटते, पण होत नाही. मराठी बायबलमध्ये प्रॉटेस्टंट अनुवादकांनी हा शब्द रूढ केला. त्याची रचना ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने होते : ख्रिस्तावर विश्वास ठेवणे. परंतु ‘माझा त्याच्यावर विश्वास नाही’ याचा व्यवहारातील अर्थ तो लबाड आहे असा होतो, आणि ‘विश्वास उडाला’ म्हटले की दोष ज्याच्यावरील विश्वास उडाला त्याच्याकडे जातो. ‘श्रद्धा’ हा शब्द याहून उदार आहे. लॅटिन ‘क्रेडो’ आणि वैदिक ‘श्रद्धा’ हे एकाच मूळ समासाचे दोन वंशज आहेत, आणि त्या समासाचा अर्थ बहुतेक विद्वानांच्या मते ‘हृदय ठेवणे’ असा होता. तेव्हा ख्रिस्ती मतांगीकाराचे पहिले लॅटिन पद आणि वेदातील ‘श्रद्धा’ ही भावंडेच होत. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९७९ मध्ये ‘फेथ अँड बिलीफ’ या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की ख्रिस्ती परंपरेतही ‘क्रेडो’चा मूळ भर विधान खरे मानण्यावर नसून हृदय वाहण्यावर होता. हा सिद्धान्त संपूर्णपणे स्वीकारला नाही तरी त्यातून एक गोष्ट निष्पन्न होते : हृदय ठेवणे व विधान खरे मानणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि दुसरी थांबली तरी पहिली लगेच थांबतेच असे नाही.

गोव्याकडील कॅथलिकांचे शब्द या दृष्टीने अधिक मनोरंजक आहेत. त्यांच्या कोकणीत श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात व श्रद्धावंतास ‘भावार्थी’. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’चा वाचक या शब्दांशी परिचित असतो. प्रमाण मराठीत ‘भावार्थ’ म्हणजे तात्पर्य; पण एकनाथांनी आपल्या रामायणास ‘भावार्थ रामायण’ म्हटले तेव्हा त्या शब्दात भक्तीचा ओलावा होताच, आणि तोच ओलावा ख्रिस्ती कोकणीने जपून ठेवला. विश्वास ठेवण्याच्या क्रियेला तेथे ‘सतमानप’ म्हणतात : सत् म्हणून मानणे. म्हणजे मराठीने एका ‘मानणे’मध्ये कोंबलेले दोन अर्थ कोकणीने एक जोडपद घेऊन सोडविले. सतमानप नसले तरी मानप असू शकते, ही शक्यता त्या शब्दातच अंतर्भूत आहे. मात्र कोकणी कॅथलिक वाङ्मयाने या शक्यतेचा फारसा उपयोग केलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरेही एक निरीक्षण येथे नोंदविण्याजोगे आहे. या किनाऱ्यावरील ख्रिस्ती बोलीत पोर्तुगीजांतून आलेले शब्द बहुतांशी बाह्य गोष्टींचे आहेत : इगर्ज, खुरीस, फेस्त, मीस, तेर्स, लदीन, नवेना, पाद्री. अंतरंगाचे शब्द मात्र देशी आहेत : भावार्थ, सतमानप, पाप, मोग, भोगसणे. नियमाला अपवाद आहेत. पवित्र आत्म्याला स्टीफन्सने ‘स्पिरित सांत’च ठेवले. तथापि एकंदर विभागणी स्पष्ट आहे. तिचा परिणाम असा की श्रद्धा ओसरली तरी बाह्य शब्दांचा सारा संच जसाच्या तसा राहतो. फेस्ताला जाणे, खुरसाकडे लदीन म्हणणे, या क्रियांची नावे कोणत्याही आंतरिक कबुलीवर अवलंबून नाहीत. ज्याचा भावार्थ गेला त्याचे फेस्त जात नाही.

आता इतिहासाकडे वळले असता असे दिसते की या प्रदेशात धर्मासंबंधीचा प्रश्न सहसा अंतरंगाच्या भाषेत विचारलाच गेला नाही. १५६० ते १८१२ या काळात गोव्यात इन्क्विझिशन होते. त्याने १७३६ साली काढलेल्या प्रसिद्ध जाहीरनाम्यात ख्रिस्ती लोकांनी घरी तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवून मागाहून मीठ घेऊ नये, लग्नाच्या प्रसंगी ओव्या गाऊ नयेत, अशा आज्ञा आहेत. ज्यांना या आज्ञा दिल्या ते बाप्तिस्मा घेतलेले, त्यांतील बहुतेक पिढीजात ख्रिस्ती होते. त्यांचा गुन्हा एवढाच की जे त्यांनी मानणे सोडले होते त्याचा मान त्यांनी सोडला नव्हता. धर्मपीठाला मान हाच मानण्याचा पुरावा वाटला. तुळशीपाशी उभा असलेला माणूस मनात काय म्हणतो, हे त्याला विचारावेसे वाटले नाही.

दुसऱ्या बाजूची कथा फार वेगळी नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि याने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. या मुलाला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे यासाठी जे झटले त्यांचे अग्रणी बाळशास्त्री जांभेकर, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातील देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे सुपुत्र. बाळशास्त्र्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे, आणि त्या काळात ते किती दुर्मिळ होते हे सांगावयास नको. परंतु त्या वादाची भाषा पाहिली असता तिचे केंद्र सहवास, अन्नव्यवहार, शुद्धी व प्रायश्चित्त हे आहे. त्या मुलाला ख्रिस्ताविषयी काही वाटू लागले होते काय, आणि वाटले असल्यास ते पुढे कोठे गेले, हा प्रश्न वादाच्या कक्षेतच येत नाही. १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकर यांनी गोव्यातील हजारो ख्रिस्ती गावड्यांना हिंदू करून घेतले. ती चळवळ ‘शुद्धी’ या नावानेच ओळखली जाते. शुद्धी ही अंगाची होते. ‘बाटणे’ हे क्रियापदही तसेच : बाटण्यासाठी काही मानावे लागत नाही, पावाचा तुकडा पुरतो. ज्या भाषेत धर्म जाणे आणि धर्म येणे या दोन्ही घटना अन्नपाण्याच्या शब्दांत सांगितल्या गेल्या, त्या भाषेत श्रद्धा ओसरणे ही घटनाच ठरत नाही. ती घडली तरी कोणाला दिसत नाही, कारण पंक्ती तीच राहते.

या अदृश्यतेची एक सौम्य बाजू आहे, आणि ती किनाऱ्यावरच नीट पाहता येते. मालवणी मुलखाची गावऱ्हाटी मानांवर उभी आहे. अमक्या घराण्याचा पालखीचा मान, तमक्याचा नारळाचा. मानकरी काय मानतो हे कोणी विचारत नाही, तो आपल्या जागी उभा राहिला म्हणजे झाले. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन येतात. शिरगावची लईराई तिची बहीण समजली जाते. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेच्या छत्रोत्सवात बारा वांगडांच्या छत्र्या निघतात, आणि त्या वांगडांतील काही घराणी आज ख्रिस्ती आहेत. सावंतवाडीची इगर्जही मिलाग्रीस सायबिणीचीच. २००५ साली सिंधुदुर्गाचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले तेव्हा ती त्याचे मुख्य मंदिर बनली. अशा प्रदेशात न मानता मान राखणे ही कोणाला वैचारिक कसरत वाटत नाही. ज्याची श्रद्धा ओसरली तोही त्या असंख्य लोकांपैकी एक ठरतो, जे दुसऱ्याच्या दैवतापुढे आदराने थांबतात. फरक इतकाच की त्याच्या बाबतीत ते दैवत एके काळी त्याचे स्वतःचे होते.

पण सौम्य बाजूबरोबर कठोर बाजूही मांडली पाहिजे. मान हा जागेवर उभा राहण्याचा असतो, बोलण्याचा नसतो. मुंबईतील गोवेकरांच्या कुडींत, जेथे खलाशी व नोकरीच्या शोधात आलेले तरुण उतरत, रात्रीच्या तेर्साला हजर राहणे हा राहण्याच्या नियमांचाच भाग होता. कोणी मनापासून म्हणत असे, कोणी ओठ हलवीत असे. नियमाला दोन्ही चालत. येथे श्रद्धावंताचा खराखुरा सन्मान होतो काय? ज्याच्या शेजारी मी मुकाट्याने ओठ हलवतो, त्याला मी सत्य पेलण्यास असमर्थ समजतो, असा याचा एक अर्थ निघू शकतो. मुलगा आईला काही सांगत नाही तेव्हा तो तिचा मान राखतो की तिला लहान मूल समजतो, हा प्रश्न किनाऱ्यावरची रीत सोडवीत नाही, टाळते.

किनाऱ्यावरचे मराठी वाङ्मय बहुतांशी याच रीतीचे आहे. जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) हे गावाच्या देवदेवस्कीकडे, सोंगांकडे आणि भाबडेपणाकडे श्रद्धा नसलेल्या डोळ्यांनी पाहते, पण त्या डोळ्यांत तुच्छता नाही. दळवींचे हसणे हा मान राखण्याचाच एक प्रकार आहे, आणि मराठी विनोदात त्याची बरोबरी करणारी पुस्तके थोडी. परंतु हसण्याने प्रश्न पुढे ढकलला जातो. निवेदक काय मानतो, आणि गावकऱ्याने त्याला ते समोरासमोर विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, हे पुस्तक संपल्यावरही कळत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त (१९६६) हसणे नाही, तेथे दैवी वराची कल्पनाच माणसाला विनाशाकडे नेते. दळवींनी श्रद्धेला मान दिला व तिची परीक्षा टाळली. खानोलकरांनी परीक्षा घेतली, पण तेथे निर्भय आदराने बोलण्यास जागाच उरली नाही. दोघेही वेंगुर्ल्याच्या परिसरातले, आणि दोघांच्या मध्ये जी भूमी रिकामी राहिली तीच येथे विचाराधीन आहे.

ती भूमी मराठी माणसाने एकदा तुडविलेली आहे, मात्र मराठीत नव्हे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या वर्षांत त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. म्हणून श्रद्धालोपाच्या चर्चेत त्यांना आणणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या चर्चने त्यांना बाप्तिस्मा दिला त्या चर्चच्या मतांगीकारावरची त्यांची श्रद्धा, विशेषतः त्रैक्याच्या सिद्धान्तावरची, त्या पत्रांत उघडपणे डळमळते. आणि त्या हे ज्यांना सांगतात त्या जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता आहेत, त्यांच्या उपकारकर्त्या आहेत, आणि त्यांची श्रद्धा अभंग आहे. म्हणजे मालवणच्या त्या काल्पनिक मुलाची व आईची जी स्थिती, तीच येथे प्रत्यक्ष आहे. फरक हा की येथे कोणी गप्प बसत नाही.

या पत्रांची गुणवत्ता त्यांच्या स्पष्टपणात आहे. हिंदू पुरोहितशाहीचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविले असता दुसरे जोखड देवाची आज्ञा म्हणून आपण का घ्यावे, असा रमाबाईंचा प्रश्न आहे, आणि तो त्या अशा व्यक्तीला विचारतात जिने ते जोखड स्वेच्छेने, आयुष्यभरासाठी घेतलेले आहे. तरी त्या पत्रांत जेराल्डिन यांच्या श्रद्धेची चेष्टा नाही. उलट, त्या श्रद्धेला वादास पात्र समजणे हाच तेथील आदर आहे. रमाबाई जेराल्डिन यांना समजूत घालण्याजोग्या वृद्ध स्त्रीसारखे वागवीत नाहीत, प्रतिपक्षासारखे वागवितात. जेराल्डिनही तशाच उत्तर देतात, कधी रागाने, कधी दुखावून. मराठी वाङ्मयात दोन ख्रिस्ती स्त्रियांचा असा बरोबरीचा संवाद दुसरा दाखविणे कठीण आहे, आणि तो इंग्रजीत झाला ही गोष्ट केवळ परिस्थितीची नसावी. ‘मानत नाही’ हे वाक्य त्यांना तेथे उच्चारावे लागले नाही.

त्यांच्या जेवणाची गोष्ट याच प्रकरणात वाचली पाहिजे. रमाबाई वाँटेजमध्येही शाकाहारीच राहिल्या. भगिनींना त्यात अहंकार किंवा जातीचा अवशेष दिसला. १७३६ च्या जाहीरनाम्याचीच ही सौम्य आवृत्ती होय : मान दिसला की मानणे गृहीत धरावयाचे. रमाबाईंचे उत्तर असे की आपल्या देशबांधवांपासून उगाच दुरावा करणारी गोष्ट आपण करणार नाही. ज्यांचा धर्म त्यांनी सोडला त्यांचा मान त्या ताटात राखत होत्या, आणि ज्यांचा धर्म त्यांनी घेतला त्यांच्याशी पत्रांत वाद करत होत्या. एकीकडे मुकी कृती, दुसरीकडे उघड शब्द. रमाबाईंनी दोन्ही एकाच काळात चालविले, आणि एकाचा दुसऱ्यावर डाग पडू दिला नाही.

‘स्मृतिचित्रे’ची (१९३४–३६) रीत निराळी. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधल्या वर्षांत ज्याच्यावर प्रेम त्याचा धर्म परका, अशी स्थिती त्यांनी भोगली. आपल्या वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे वर्णन त्या करतात तेव्हा ते सोवळे त्यांनी कधीच टाकून दिलेले असते. परंतु त्या वर्णनात सूड नाही. माणूस हास्यास्पद होतो, लहान होत नाही. येथे श्रद्धा नसणे आणि आदर असणे एकत्र नांदतात, हे खरे. पण तेथेही गेलेली श्रद्धा ही सोवळ्याची, म्हणजे पुन्हा अन्नपाण्याचीच आहे. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्यांनी चर्चची चौकट ओलांडली, ख्रिस्ताची नव्हे. तरी अशा दरबारात अर्धश्रद्ध माणसाला बसण्यास पाट मिळाला असता. टिळक १९१९ मध्ये वारले, आणि दरबाराचा तो पाट रिकामा राहिला.

तुलनेसाठी जॉर्ज एलियट घ्यावी. मेरी ॲन एव्हन्स हिने जानेवारी १८४२ मध्ये बापाबरोबर चर्चला जाण्यास नकार दिला. बाप-लेकींत काही महिने उभा दावा होता. शेवटी तिने जाण्याचे मान्य केले, आणि तेथे बसून आपण हवे ते चिंतन करू ही तिची अट बापाने मुकाट्याने स्वीकारली. तडजोड वरकरणी किनाऱ्यावरच्या मानासारखीच दिसते, पण तिच्यापूर्वी बोलणे झाले होते. पुढे तिने श्ट्राउसच्या ‘येशूचे चरित्र’ या ग्रंथाचा अनुवाद १८४६ मध्ये प्रसिद्ध केला. आणि त्याच लेखणीने १८५९ मध्ये ‘ॲडम बीड’मधील डायना मॉरिस ही मेथडिस्ट प्रवचनकर्ती निर्माण केली. डायना ही लेखिकेहून अधिक मानते, आणि कादंबरी तिला कोठेही खाली बसवीत नाही. जी श्रद्धा आपण खोटी समजतो ती दुसऱ्याच्या ठिकाणी बुद्धी, सौंदर्य आणि बळ यांसह उभी करणे, ही कादंबरीकाराची कसोटी एलियट उतरली. दळवींनी अशी एखादी व्यक्ती निर्माण केली असती, जिच्यापुढे निवेदकाचे हसू थांबते, तर मराठीतील चित्र निराळे झाले असते.

मौनाची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या एका नावाशी निगडित आहे. डॅनिएल एव्हरेट १९७७ मध्ये मिशनरी म्हणून ब्राझीलमधील पिराहा लोकांत गेले. मार्कच्या शुभवर्तमानाचा त्यांनी पिराहात अनुवाद केला. त्या भाषेत विधान पाहून केले, ऐकून केले की अनुमानाने केले, हे क्रियापदाच्या प्रत्ययांनी सांगावे लागते. येशूला तुम्ही पाहिले आहे काय, या श्रोत्यांच्या प्रश्नाला एव्हरेट यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांची श्रद्धा गेली. ते त्यांनी घरच्यांना अनेक वर्षे सांगितले नाही, आणि सांगितल्यावर संसार मोडला. हे सारे त्यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात लिहिले आहे. मराठीजवळ असा एक ऐकीवतेचा निपात आहेच, ‘म्हणे’. ‘तिसऱ्या दिवशी उठला म्हणे’ या वाक्यात बोलणारा ना पुष्टी देतो ना नकार. परंतु ‘म्हणे’ला थोडा हेल दिला की तो कुत्सित होतो, आणि हेल न दिला तर तो भित्रा वाटतो. लिखित मराठीत हेल दाखविता येत नाही. म्हणून ज्यांनी हा निपात वापरून अश्रद्ध निवेदक उभा करावयाचा, त्यांना प्रत्येक ठिकाणी संदर्भानेच त्याचा स्वर बांधावा लागेल.

यापेक्षा अधिक आशा मराठीच्या दुसऱ्या एका रचनेत आहे. ‘मला तसे वाटत नाही’, ‘माझी श्रद्धा उरली नाही’, ‘श्रद्धा ओसरली’, या वाक्यांत कर्ता कोणी नाही. श्रद्धा ‘सोडली’ म्हटले की सोडणाऱ्यावर आळ येतो. ‘उडाली’ म्हटले की ज्याच्यावर होती त्याच्यावर येतो. ‘ओसरली’ म्हटले की कोणावरच येत नाही. आर्नल्डने श्रद्धेच्या लोपासाठी ओहोटीचीच प्रतिमा योजली. मराठीत ती प्रतिमा शोधावी लागत नाही, क्रियापदातच आहे. अडचण इतकीच की हे क्रियापद घटना सांगते, भूमिका सांगत नाही. ओसरल्यानंतर माणूस कोठे उभा आहे, हे आईने विचारले तर त्याला पुन्हा ‘मानणे’कडेच यावे लागते, आणि तेव्हा ‘ला’ लावावयाचा की नाही हे ठरवावे लागते. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली, आणि हिंदू कल्पनांचा वास असलेले शब्द शक्य तेथे टाळले; तो अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. श्रद्धावंतासाठी मराठी शब्द पारखून घेण्याचे काम इतक्या कष्टाने झाले आहे. ज्याची श्रद्धा गेली त्याच्यासाठी ते काम अजून कोणी हाती घेतलेले नाही.